नवा पत्ता

सकाळचा चहा अजून अर्धाही झाला नव्हता, आणि ऑफिसातल्या संगणकाच्या पडद्यावर त्याची स्वतःचीच पाटी आली. "हे पान सध्या उघडता येणार नाही. पत्ता नवीन आहे. काम अडत असेल तर खालच्या चौकटीत कारण लिहा." वाक्यं त्याची होती. पांढऱ्या जागेवर करडी अक्षरं असावीत, लाल नकोत, लोक उगाच घाबरतात, हेही त्यानेच ठरवलं होतं. वर्षानुवर्षं तो ही पाटी दुसऱ्यांच्या तोंडावर लावत आला होता. समोरून ती आज पहिल्यांदाच पाहत होता. दार आपल्याच नाकावर आपटलं की माणूस आधी दाराकडेच बघतो, तसा तो थोडा वेळ नुसता बघत बसला. मग त्याला आठवलं, यातला 'सध्या' हा शब्द बायकोचा. त्याच्या पहिल्या मसुद्यात तो नव्हता. जेवणाच्या टेबलावर तिने मसुदा मोठ्याने वाचला होता आणि मध्येच थांबून म्हणाली होती, एवढं तोडून बोलू नये रे, 'सध्या' घाल, माणसाला जरा आशा राहते. आणि आज पाटी आडवी आली होती ती तिच्याच मेलमधल्या लिंकवर. मेलला विषय नव्हता. आत एकच ओळ होती, "हे ऐक. मग घरी आल्यावर बोल," आणि खाली एक पत्ता. पत्त्यात तिचं नाव होतं, आणि ते नाव तिथे वाचताना त्याला आपल्या टेबलावर कुणीतरी घरातली वस्तू आणून ठेवल्यासारखं अवघड वाटलं.

ऑफिसात त्याला नाकेदार म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. दोन हजारांच्या आसपास माणसं त्या इमारतीत बसत. त्यांतल्या कुणीही कुठलंही पान मागितलं की ती मागणी आधी कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या थंडगार खोलीतल्या यंत्रांकडे येई. पान कसलं आहे, बातम्यांचं की खरेदीचं की जुगाराचं, ते यंत्र बघे आणि जाऊ द्यायचं की अडवायचं ते ठरवी. जे जाऊ द्यायचं तेही तसंच जात नसे. बाहेरून ते सीलबंद येई. यंत्र सील फोडी, आत विषारी काही नाही ना ते चाचपी, पुन्हा बंद करून ऑफिसचं सील मारी, आणि टेबलाशी बसलेला माणूस पडद्याच्या कोपऱ्यातलं छोटं कुलूप बघून समजे की मध्ये कुणी हात लावलेला नाही. फक्त बँकांची आणि दवाखान्यांची पाकिटं न फोडता पुढे जात. त्यासाठी तो एकदा मीटिंगमध्ये भांडला होता, आणि सबंध नोकरीत त्याचा आवाज चढलेला लोकांनी तेवढाच ऐकला होता. लोकांना वाटे, हा सगळ्यांचं सगळं वाचतो. तो काहीच वाचत नसे. त्याच्यापर्यंत यायची ती फक्त चौकटीत लिहिलेली कारणं. कुणी लिही 'काम', कुणी 'अर्जंट', कुणी 'साहेबांनी सांगितलंय'. एकाने नुसतंच 'अहो' लिहिलं होतं. आणि 'वैयक्तिक' असं कारण आलं की तो पुढचं न वाचता नाकारायचा, कारण वैयक्तिक गोष्टींसाठी माणसाला घर असतं, असं त्याचं मत होतं.

नवा पत्ता काही दिवस अडवून ठेवायचा, हा नियमही त्याचाच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्याने तीस केले होते. भामटे सकाळी एक नाव विकत घेतात, दुपारपर्यंत त्या नावाने चार जणांना बुडवतात आणि संध्याकाळी ते टाकून देतात. महिनाभर टिकलेल्या नावामागे बहुधा कुणीतरी खरं माणूस असतं. मागे एकदा हिशेब खात्यातल्या कारकुनाने पगारवाढीची म्हणून एक लिंक उघडली होती आणि सगळं ऑफिस आठवडाभर कागद-पेन घेऊन बसलं होतं. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यायचं ठरलं, आणि फुंकायचं काम त्याच्याकडे आलं. ते त्याला मानवलंही. जे खरं आहे ते तीस दिवसांनीही खरंच राहणार, घाई फक्त खोट्याला असते, असं तो नव्या लोकांच्या प्रशिक्षणात सांगायचा, आणि सांगताना त्याला आपले वडील आठवायचे. घरी आलेलं पत्र वडील लगेच कधी फोडत नसत. ते भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवत, आंघोळ, जेवण, वामकुक्षी उरकत, आणि मग चष्मा पुसून उघडत. आई तोवर तगमगत असे. वाईट बातमी थांबवून ठेवली तर मुरते, नासत नाही, असं वडील म्हणत. लहानपणी त्याला त्यांचा राग यायचा. पुढे कधीतरी, केव्हा ते त्याला सांगता आलं नसतं, तो त्यांच्यासारखाच झाला.

बायकोच्या मेलकडे त्याने आधी त्याच सवयीने पाहिलं. विषय नाही, ओळखीच्या माणसाचं नाव, एकच ओळ, खाली नवा पत्ता: प्रशिक्षणात दाखवायला याहून चांगला नमुना मिळाला नसता. कुणीतरी तिचं खातं फोडलं असणार. त्याने ते मेल बाजूला काढून ठेवलं, आणि आपण बायकोचं मेल भामट्याचं म्हणून बाजूला काढलं हे हात मागे घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं. 'मग घरी आल्यावर बोल' असं कुठला भामटा लिहील? दिवसभर ती ओळ त्याला टोचत राहिली. बोल. आपण घरी बोलत नाही असं थोडंच आहे. गीझरचं बोलतो, विजेच्या बिलाचं बोलतो, तिच्या औषधांच्या वेळांचं तर आजकाल सारखंच बोलतो.

तिचा आवाज वर्षभरापासून बसला होता. आधी सर्दी म्हणून, मग सवयीने, मग वयाने म्हणून ती हसण्यावारी नेत राहिली. तिचं काम आवाजाचंच. आंधळ्या लोकांसाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. एका लहानशा स्टुडिओत, काचेमागे, माइकसमोर बसून, कादंबऱ्यांपासून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपर्यंत काय वाटेल ते. रस्त्यात कधीतरी पांढरी काठी घेतलेला अनोळखी माणूस तिने दुकानदाराशी बोललेलं एक वाक्य ऐकून थबके आणि विचारी, तुम्ही त्याच का? आणि तिचा चेहरा उजळे. मग आवाजात वाळू आली, मग शब्द तुटू लागले, आणि घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं तेव्हा गाठ निघाली. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते. एक, स्वरयंत्र काढून टाकायचं: गाठ समूळ जाईल, भरवसा जास्त, पण आवाज कायमचा जाईल आणि गळ्याला श्वासासाठी भोक राहील. दुसरा, किरणांचे उपचार: आवाज बराचसा राहील, पण गाठ परत उठण्याची भीतीही राहील. दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढच्या आठवड्याच्या शेवटी या आणि काय ते सांगा, घरी बोला, असंही म्हणाले होते.

तिने घरी विषय काढला होता. पहिल्या वेळी तो म्हणाला होता, डॉक्टर सांगतील तसं करू. डॉक्टर तर तूच ठरव म्हणतायत, असं ती म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, हो ना, मग तूच ठरव, गळा तुझा आहे. हे बोलताना त्याला वाटलं होतं की आपण तिला मोकळीक देतोय, तिच्या अंगावरचा निर्णय ओढून घेत नाही, आणि याबद्दल त्याला थोडं बरंही वाटलं होतं. नंतर एकदा भाजी चिरता चिरता तिने पाठमोऱ्यानेच विचारलं होतं, तुला काय वाटतं? आणि तो 'हं' म्हणाला होता. हा त्याचा 'हं' घरात प्रसिद्ध होता. त्याचे सतरा अर्थ होतात आणि सतराही मला येतात, असं ती पाहुण्यांना सांगायची. त्या दिवशीच्या 'हं'चा अर्थ त्याला स्वतःलाही सांगता आला नसता. आत कुठेतरी दोन्ही रस्त्यांच्या टोकाला त्याला एकच रिकामी खोली दिसत होती, आणि तिच्याकडे बघायचं नाही एवढंच त्याने ठरवलं होतं. कानाडोळा करण्यात त्याचा हातखंडा होता, जरी पगार उलट कामाचा मिळत होता.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ती बाल्कनीत कपडे काढत होती. त्याने बूट काढता काढताच विचारलं, मेल तूच पाठवलं होतंस ना? ती वळली. चेहऱ्यावर एक वाट पाहणं होतं, ते त्याने पाहिलं आणि नीट पाहिलं नाही. तिने ऐकलंस का म्हणून विचारलं. तो म्हणाला, पत्ता नवीन आहे, आमच्याकडे अडतो, तीस दिवसांचा नियम आहे.

"तीस दिवस," ती म्हणाली. आवाज इतका खरखरीत होता की प्रश्न आहे की नुसतंच म्हणणं, ते कळलं नाही.

"मग आपोआप उघडतं," तो म्हणाला. "पाटी तूच तर वाचून दिली होतीस."

ती हसली. हसायचाही आता वेगळाच आवाज व्हायचा. स्टुडिओतल्या बाईने तिच्यासाठी ते पान काढून दिलं होतं, तिची सगळी वाचनं पुढेमागे तिथे ठेवायची म्हणून. सध्या तिथे एकच गोष्ट होती. एवढं तिने सांगितलं. त्याने विचारलं, इथेच ऐकव की मग, आणि विचारताच त्याला भीती वाटली की ती खरंच ऐकवेल. पण तिने मान हलवली. घरी तू काही उघडत नाहीस, म्हणाली, फोनवरची लिंक बघायची नाही हा कायदा तुझाच, दूधवाल्याकडेही ओळखपत्र मागशील तू. ऑफिसात मात्र आल्या-गेल्याचं फोडून बघतोस, म्हणून तिथे पाठवलं. हे ती चिडवत म्हणाली, पण कपड्यांच्या घड्या घालताना तिचे हात जरा जोरात चालत होते. मग ती म्हणाली, बरं, राहू दे. आणि तो 'हं' म्हणाला.

त्या लिंकमागे काय आहे, ते त्याने एव्हाना ओळखलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. दवाखान्यातून मिळालेल्या माहितीपत्रकात लिहिलंच होतं की पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेआधी आपला आवाज जपून ठेवतात. तिने तेच केलं असणार. मागे राहणाऱ्यासाठी ठेवा. म्हणजे तिने शस्त्रक्रियेचं ठरवलंय, आणि ठरवून पुढच्या तयारीला लागलीय, तिचं सगळं असंच वेळेआधी असतं. निरोपाचं काहीतरी असेल. एखादा उतारा, किंवा त्याच्या नावाने चार शब्द. आणि ती समोर चालतीबोलती असताना तिचा निरोप कानात घालून बसायचं, ही कल्पना त्याला सहन होईना. जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का? त्याला त्या तीस दिवसांचा आधार वाटला. ती चावी त्याच्या हातात नव्हती, नियमाच्या हातात होती. नियम त्याने केला होता हे खरं, पण नियम एकदा झाला की तो करणाऱ्याचा राहत नाही. तोवर शस्त्रक्रिया होऊन जाईल, ती घरी येईल, सगळं स्थिरावेल, आणि मग एखाद्या शांत दुपारी तो ऐकेल. ऐकायची घाई कसली? ते कुठे पळून जातंय?

तरी दुसऱ्या दिवशी त्याने चौकट उघडली. कारण. त्याने 'वैयक्तिक' लिहिलं आणि खोडलं. 'बायको' लिहिलं, आणि तो शब्द त्या करड्या चौकटीत इतका उघडावाघडा दिसला की त्याने घाईघाईने तोही खोडला. 'ऐकायचं आहे' असं लिहून पाहिलं, तेही पुसलं. मग फोन वाजला आणि खिडकी तशीच राहिली. त्याच्या विभागात दोनच माणसं होती, तो आणि धाकटी. धाकटी हे तिचं नाव पडलं ते विभागात नंतर आली म्हणून. एरवी तिला स्वतःला एक मुलगी होती आणि घरी ती थोरली सून होती. स्वतःची विनंती स्वतः मंजूर करायची नाही, दुसऱ्याने करायची, असा त्यांच्यात नियम होता, त्यामुळे त्याची अर्धवट विनंती धाकटीच्या रांगेत जाऊन बसली होती. दुपारी ती खुर्ची सरकवून त्याच्या टेबलाशी आली. पत्त्यातलं नाव तिने वाचलं असणार, कारण तिने आवाज खाली आणला होता.

"सर, तुमची एक विनंती माझ्याकडे आलीय. कारण रिकामं आहे."

तो म्हणाला की चुकून गेली असेल.

"घरचं असेल तर मी काही विचारत नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही नुसतं हो म्हणा. कारण मी लिहिते."

बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचा खडखड आवाज थंडगार खोलीपर्यंत जाऊन थांबला. त्याच्या ओठांवर हो आलं होतं. ते अगदी जवळ आलं होतं, हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवणार होतं. पण त्या एका शब्दाबरोबर काय काय बाहेर पडेल याचा त्याला अंदाज येईना. इथे, टेबलावर, चहाच्या कपाशेजारी आपण रडलो तर, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तो म्हणाला, "नको. इतरांचं अडवायचं आणि आपलं सोडायचं, हे बरं नाही. तीस दिवसांनी उघडेलच." धाकटी बरं म्हणाली आणि तिने विनंती काढून टाकली. तो आपल्या तत्त्वावर राहिला, याचं त्याला समाधान वाटायला हवं होतं. तसं ते थोडं वाटलंही, आणि त्याखाली दिवसभर काहीतरी ठसठसत राहिलं, दात दुखतोय की हिरडी ते कळत नाही तसं.

मग भिजत पडलेलं घोंगडं आणखी भिजत राहिलं. घरी ती नेहमीपेक्षा जास्त बोलू लागली होती. घसा दुखत असताना, डॉक्टरांनी ताण देऊ नकोस म्हटलेलं असताना, ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, शेजाऱ्यांच्या भांडणाची नक्कल करायची, कपाटातून जुने फोटो काढून हा कोण, ही कोण, असं विचारायची. तो तिला सांगायचा, बोलू नकोस, त्रास होतो. एकदा तिने वाचता वाचता वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, मी बोललेली ऐकवत नाही का रे तुला? तसं नाही, तो म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी सांगतो. हे खरंही होतं. पण तिचं एकेक तुटकं वाक्य त्याला ऐकवत नव्हतं हेही खरं होतं, आणि तेवढं त्याने सांगितलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून तो उगाच उभा राहायचा. नळाच्या आवाजातूनही तिचा आवाज ऐकू यायचा, स्वयंपाकघरातून, कुणाशी तरी फोनवर, नाही अजून काही बोलला नाही, असं काहीसं. कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीत खिडकीला पडदा होता आणि टेबलावर गळ्याचा प्लास्टिकचा नमुना होता, उघडता येणारा. डॉक्टरांनी त्या दोघांकडे पाहिलं आणि काय ठरलं ते विचारलं. ती त्याच्याकडे वळली. खुर्चीसकट थोडी वळली, आणि बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आर्जव नव्हतं, रागही नव्हता. भरलेल्या पेल्याकडे बघावं तसं ती सांभाळून बघत होती. त्याला वाटलं, आपण सोबत आहोत एवढं तिला हवंय. म्हणून त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाला, "तिचं ठरलंय."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "ठरलं. काढून टाका."

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिला आत नेण्याआधी थोडा वेळ मिळाला होता. हिरवा डगला, डोक्याला टोपी, पायांत कागदी चपला. आता काहीतरी बोलायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. परिचारिका दाराशी उभी होती. बायको म्हणाली, कपाटाची किल्ली वरच्या खणात आहे, आणि वाळत घातलेलं आत घे, विसरशील. तो हं म्हणाला. तिच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. पुढे दवाखान्यात बाकावर बसून त्याने ते मनात इतक्यांदा म्हटलं की त्यातला आवाज झिजून गेला आणि नुसते शब्द उरले.

ती घरी आली तेव्हा गळ्याशी भोक होतं आणि त्यावर पातळ जाळी. श्वास तिथून आत-बाहेर व्हायचा. ती ओठ हलवून बोलायची आणि तो ओठांवरून ओळखायला शिकत होता: पाणी, उशी, पुरे, दिवा. लिहून सांगायला तिने एक पाटी जवळ ठेवली होती, लहान मुलांची असते तशी, पण पाटीवर लिहायचा तिला कंटाळा होता. कुठल्याही गोष्टीचा तिने त्याच्यावर राग काढला नाही. तिच्या वागण्यात एक शहाणपण आलं होतं, एखाद्या चांगल्या पाहुण्याचं असावं तसं, आणि त्याला ते भयंकर वाटत होतं, पण आजारी माणूस थकतं, असं तो स्वतःला समजावत होता. तिची बहीण सोबतीला राहायला आल्यावर तो पुन्हा ऑफिसला जाऊ लागला.

आणि एका सकाळी यंत्राने त्या पत्त्याला मोकळं केलं. कुणी काही केलं नाही. दिवस भरले, एवढंच. तो बाजूला काढून ठेवलेलं मेल शोधून लिंकवर गेला, तर पाटी आली नाही. साधं पान होतं, वर तिचं नाव आणि खाली ऐकण्याची एकच खूण. धाकटी तिच्या जागेवर होती. त्याने कानांत इअरफोन घातले आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली. वाळूचा आवाज, पण तिचाच, सबंध. "स्टुडिओत बसलेय. माइक असला की मला बोलता येतं. तुझ्यासमोर मी विचारते आणि तू हं म्हणतोस. तर ऐक. मला माझा आवाज ठेवायचाय. तो रस्ता कमी भरवशाचा आहे हे मला कळतं, मी काही लहान नाही. पण आवाज गेल्यावर जे मागे राहील ते मीच असेन का, हे मला माहीत नाही. तरी मी एकटीने नाही ठरवणार. आवाज माझा असला तरी ऐकणारा तू आहेस. तुला मी जास्त दिवस हवी असेन, मुकी का होईना, तर तसं म्हण. मी काढून टाकेन, कुरकुर नाही करणार. तुला मी बोलती हवी असेन तर तसं म्हण. काहीही म्हण, पण डॉक्टरांकडे जायच्या आधी म्हण. मौन म्हणजे संमती म्हणतात, पण कशाला संमती, ते मौनातून कळत नाही रे. तू काहीच नाही म्हणालास तर मी असं धरेन की मी बोलले काय आणि नाही बोलले काय, तुझ्या लेखी सारखंच. मग ठेवून तरी काय करू?" थोडी खसफस झाली. मग माइकपासून दूर, दुसऱ्या कुणालातरी ती म्हणाली, "झालं गं. कर बंद."

त्याने ते पुन्हा ऐकलं नाही. इअरफोन काढले, पिशवी उचलली, धाकटीला जातो म्हणाला. रस्त्यावर भर उन्हात तो चालत सुटला. सगळ्या दुकानांतून, गाड्यांतून, खिडक्यांतून माणसं बोलत होती, भाव करत होती, भांडत होती, फोनवर हसत होती. एवढा आवाज जगात असतो आणि त्याची कुणाला किंमत नसते, याचा त्याला संताप आला, आणि मग तो संताप उलटून स्वतःवर आला. डॉक्टरांच्या खोलीतलं तिचं वळून बघणं त्याला दिसत होतं. एक शब्द हवा होता. आपण हात ठेवला.

बहिणीने दार उघडलं, आणि त्याला बघून, काहीतरी आणायला जाते म्हणून ती बाहेर पडली. बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. तो तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला नाही; उभ्यानेच म्हणाला, "ते पान आज उघडलं."

तिचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली बोटांत तशीच राहिली.

"मला तू बोलती हवी होतीस," तो म्हणाला. "कमी दिवस चालले असते. तुझा आवाज हवा होता मला. मी घाबरलो होतो गं. मला वाटलं, तू निरोप घेतेयस, आणि मला तो नको होता." तो बोलत राहिला. बाल्कनीतल्या त्या संध्याकाळबद्दल बोलला, चौकटीत लिहून खोडलेल्या शब्दांबद्दल, नळ सोडून उभं राहण्याबद्दल. संसाराच्या सगळ्या वर्षांत एका दमात तो एवढं कधी बोलला नव्हता, आणि थांबलो तर काय होईल या भीतीनेही तो बोलत होता. शेवटी शब्द संपले. तिच्या गळ्याशी जाळी आत-बाहेर होत होती, भराभर.

मग ती ओठ हलवून काहीतरी म्हणाली. पाणी, उशी, पुरे, यांतलं ते काही नव्हतं. लांब होतं. त्याला कळलं नाही. तो खाली वाकला, तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि म्हणाला, पुन्हा म्हण. ती पुन्हा म्हणाली, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. पाटी हाताच्या अंतरावर होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. जाळीतून नुसता श्वास आला, ऊन ऊन, त्याच्या गालावर.

"हो," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की ती जे म्हणाली होती, ते हो म्हणण्यासारखं नव्हतं.